गोदामाईच्या मुखाशी असलेल्या गावांसाठी एक दालन द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण,
तसेच गोदाघाटाचे आराखडे करणारे वास्तुरचनाकार आणि अधिकारी यांस

विषय : यानम आणि कोरंगी या गोदावरीच्या मुखाजवळच्या गावांचा इतिहास सिंहस्थात मांडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या कामांना वेग आला आहे. घाट, पूल, रस्ते, साधुग्राम यांविषयी रोज बातम्या येतात आणि त्यांवर बोलणारे जाणकार शहरात पुष्कळ आहेत. मी एका लहानशा गोष्टीसाठी लिहिते आहे. गोदाघाटावर नदीची माहिती देणारे फलक लागतील, प्रदर्शनही भरेल. आजवरचा अनुभव असा की त्या फलकांवर ब्रह्मगिरी असतो, गौतम ऋषी असतात, रामकुंड असते, फार तर पैठणचा नाथसागर असतो. त्यापुढे एकच वाक्य येते, ‘पुढे ही नदी बंगालच्या उपसागरास मिळते.’ माझी मागणी या एका वाक्याबद्दल आहे. या वेळी त्याच्या जागी एक पूर्ण दालन असावे, आणि त्यात नदीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसांचा इतिहास असावा.

मी पंचवटीत वाढले आणि नाशिकच्या शाळांत वर्षानुवर्षे इतिहास-भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीवरून खाली मुखाकडे गेले. तिथे जे पाहिले आणि त्यानंतर जे वाचले, त्याच्या बळावर हे लिहिते आहे.

त्र्यंबकहून निघालेली गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करते. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला तिचे फाटे फुटतात. पूर्वेची गौतमी, पश्चिमेची वसिष्ठा, आणि वसिष्ठेतून निघालेली वैनतेया. तिथले लोक एकूण सात फाटे मानतात आणि प्रत्येकाला एका ऋषीचे नाव देतात. आपल्या गौतम ऋषींचे नाव मिळालेली गौतमी हा त्यांतला मोठा प्रवाह. तिच्या काठावर, समुद्र अगदी जवळ आलेला असताना, यानम लागते. चारी बाजूंनी आंध्र प्रदेश आहे, पण यानम आंध्रात नाही. ते पुदुच्चेरीचा भाग आहे, आणि पुदुच्चेरी तिथून आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस किलोमीटर. नाशिक महापालिकेच्या हद्दीत अशी आठ यानमे मावतील. कनकालपेटा, मेट्टकुरू, अडविपोलम अशी खेडी त्यात मोडतात. सगळ्यांत टोकाला दरियालतिप्पा नावाची कोळ्यांची वस्ती आहे. त्यापलीकडे खाड्या, तिवरांचे जंगल आणि मग समुद्र. यानमजवळच गौतमीतून एक लहान फाटा फुटतो आणि त्याच्या काठावर कोरंगी हे खेडे आहे. इंग्रजांच्या कागदांत त्याला कोरिंगा म्हटले आहे. गौतमीच्या काठाने चालत गेलात तर कुठे यानम संपले आणि कुठे आंध्र सुरू झाला, हे दुकानांच्या पाट्यांवरूनच कळते. भाषा दोन्हीकडे तेलुगूच आहे.

ही सरहद्द कापडाच्या व्यापारातून जन्मली. फ्रेंचांनी यानमला १७२३ मध्ये पहिली वखार घातली. ती चालली नाही, सोडून द्यावी लागली, आणि १७३१ मध्ये त्यांनी पुन्हा बस्तान बसवले. जवळच इंजरमला इंग्रजांची वखार होती. आसपासच्या गावांतले विणकर तलम सुती कापड विणत, ते होड्यांतून खाली येई आणि जहाजांवर चढे. दोन परक्या कंपन्यांच्या वखारी एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर, आणि मध्ये विणकर. कुणाकडून उचल घ्यायची, कुणाला थान द्यायचे, यावर त्यांचे घर चालत होते. आपल्याकडे नारोशंकराची घंटा दाखवताना आपण ती वसईच्या विजयाची आठवण आहे असे अभिमानाने सांगतो. वसई १७३९ ची. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर मराठे पोर्तुगीजांना हटवत होते, त्याच काळात याच नदीच्या दुसऱ्या टोकाला फ्रेंच आणि इंग्रज पाय रोवत होते. शाळेत ही दोन प्रकरणे आम्ही वेगवेगळ्या धड्यांत शिकवली. त्यांना एका नदीवर ठेवून कधीच शिकवले नाही.

आणि एक माणूस तर थेट दोन्ही टोकांना जोडतो. त्याचे नाव बुसी. हा फ्रेंच सेनानी १७५१ पासून निजाम सलाबतजंगाच्या पदरी होता. त्याच वर्षी त्याने पेशव्यांच्या मुलखात शिरून फौजेला चांगलेच जेरीस आणले होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १७५२ मध्ये, भालकीचा तह झाला. बुसीच्या मध्यस्थीने झालेल्या त्या तहात बागलाण आणि खानदेश मराठ्यांकडे आले. बागलाण म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला सटाण्याकडचा मुलूख. त्यानंतर १७५३ मध्ये फौजेच्या पगारापोटी निजामाने बुसीला पूर्व किनाऱ्यावरचे उत्तर सरकार जिल्हे लावून दिले. यानमच्या भोवतालचा सगळा प्रदेश त्यांत होता. एका माणसाच्या कारभारात सटाण्याचा महसूल एका बाजूला गेला आणि गौतमीकाठचा दुसऱ्या बाजूला. डिसेंबर १७५८ मध्ये पिठापूरजवळ चंदुर्तीला इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला आणि उत्तर सरकार त्यांच्या हातून गेले. राहिले ते एवढेसे यानम. पुढे युरोपात लढाई पेटली की यानमवर इंग्रजांचे निशाण चढायचे, आणि तह झाला की उतरायचे. नेपोलियनच्या पाडावानंतर ते जे फ्रेंचांकडे परत गेले, ते १९५४ पर्यंत राहिले. आजूबाजूला इंग्रजांचा जिल्हा, मध्ये हा फ्रेंच तुकडा, आणि ही रेघ ज्यांच्या शेतांतून गेली त्यांना कुणी काही विचारले नाही.

यानमच्या फ्रेंच प्रमुखांपैकी एक नाव मला विशेष जवळचे वाटते. पिएर सोनेरा हा निसर्गशास्त्रज्ञ १७८० च्या दशकाच्या अखेरीस तिथला कारभार पाहत होता. सह्याद्रीत आपण जो राखी रानकोंबडा पाहतो, त्याचे शास्त्रीय नाव याच सोनेराच्या नावावरून आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलेली पांढरी चिप्पी आहे ना, तिच्या वंशालाही (सोनेराशिया) त्याचेच नाव आहे. तिचीच एक बहीण आज कोरंगीच्या जंगलात वाढते. वनखात्याने आपल्या दालनात हे एवढे एक पान लावले, तरी मुले ते विसरणार नाहीत.

आता कोरंगीविषयी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण त्या गावाचे जे झाले ते आपल्याकडे जवळजवळ कुणालाच माहीत नाही.

कोरंगी हे एके काळी मोठे बंदर होते. पूर्व किनारा बहुतेक सपाट आणि उघडा, जहाजाला आसरा म्हणून नाही. कोरंगीच्या खाडीत मात्र जहाज आत घेता येई, उभे करून त्याची दुरुस्ती करता येई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे जहाजांसाठी गोदीही बांधली गेली. सुतार, लोहार, शिडे शिवणारे, तांडेल, मजूर अशी मोठी वस्ती होती. कोरंगीची गलबते ब्रह्मदेशापर्यंत जात. रंगूनला आंध्रातून कामाला गेलेल्या मजुरांना तिथे सरसकट ‘कोरिंगी’ म्हणत, मग तो मजूर कुठल्याही गावचा असो. इतके या बंदराचे नाव होते.

डिसेंबर १७८९ मध्ये कोरंगीवर वादळ आले. समुद्राच्या तीन लाटा एकामागून एक आत शिरल्या. पहिलीने जहाजे किनाऱ्यावर फेकली, दुसरी गावात घुसली, तिसरीने उरलेसुरले बुडवले. सुमारे वीस हजार माणसे मेली असे त्या काळच्या लेखी वृत्तांतात आहे. गाव पुन्हा उभे राहिले. बरोबर पन्नास वर्षांनी, २५ नोव्हेंबर १८३९ ला, पुन्हा तसेच वादळ आले. या दुसऱ्या वादळाबद्दल चाळीस फुटांची लाट आणि तीन लाख बळी असे आकडे पुस्तकांतून आणि आता मोबाइलवरून फिरत असतात. त्या काळच्या त्या किनाऱ्यावरची वस्ती लक्षात घेतली तर ते मला पटत नाहीत, आणि दालनात ते डोळे झाकून लिहू नयेत अशी माझी विनंती आहे. आकडा काहीही असो, बंदर म्हणून कोरंगी त्यातून सावरले नाही. कोलकात्याचे हेन्री पिडिंग्टन यांनी या वादळांच्या नोंदी गोळा केल्या. वादळाचा वारा गोल फिरतो, हे खलाशांना समजावून सांगण्यासाठी त्यांनी पुढे पुस्तक लिहिले आणि ‘सायक्लोन’ हे नावही त्यांनीच १८४८ मध्ये रूढ केले. म्हणजे हवामान खात्याच्या आजच्या प्रत्येक इशाऱ्यामागे कोरंगीच्या बुडालेल्या माणसांचा वाटा आहे.

बंदर संपायला दुसरेही कारण होते, आणि ते आपल्या बाजूचे आहे. गाळ. गोदावरी दरवर्षी दख्खनच्या पठारावरची माती खाली नेई आणि मुखाशी टाकी. त्याने कोरंगीची खाडी उथळ होत गेली. समोर समुद्रात वाळूचा एक लांबच लांब दांडा वाढत गेला. आज त्याला होप बेट म्हणतात, आणि त्याच्या आडोशाला काकिनाडा बंदर आहे. मुखासमोरच्या समुद्रतळातून संशोधकांनी गाळाचे उभे नमुने काढले आहेत. त्यांत पठारावरच्या काळ्या दगडाचा गाळ ओळखता येतो. आपल्या डोंगरांची माती तिथे थरांनी बसलेली आहे.

गेल्या दोन शतकांत मुखाशी राहणाऱ्या गरिबांचे जे झाले, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. इंग्रजांच्या गिरण्यांचे कापड आले आणि विणकर बसले. दुष्काळ पडले. १८२८ च्या सुमारास हिंदी महासागरातल्या रेयुनियन या फ्रेंच बेटावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारी मजूर नेणे सुरू झाले, आणि त्या पहिल्या मजुरांत यानमचे तेलुगू लोक होते. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या कहाण्या आपल्याकडे लिहिल्या जातात, त्यांचे वंशज इथे येतात तेव्हा आपण त्यांचे स्वागत करतो. गोदावरीच्या मुखावरून जे गेले त्यांची आठवणही याच नदीच्या काठी व्हावी. १८४७ ते १८५२ या काळात इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरमला बंधारा बांधला आणि कालव्यांनी त्रिभुज प्रदेश भातशेतीखाली आणला. तिथला कोनसीमा हा भाग सुखी झाला तो त्यामुळे. त्या भागात गावोगाव कॉटनचे पुतळे आहेत, आणि काही जण स्नानाच्या संकल्पात त्यांचे नाव घेतात असे सांगतात.

सरहद्दीचा फायदा घेणारेही होते. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. यानम फ्रेंचांचे, तिथे तो कायदा नव्हता. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली माणसे वऱ्हाड घेऊन यानमला येत आणि कोवळ्या पोरींची लग्ने लावून परत जात. यानमला ‘कल्याणपुरम्’, म्हणजे लग्नांचे गाव, असे नाव पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. नदीच्या एका टोकाला माणसे देवळाचे दार उघडा म्हणून उभी होती आणि दुसऱ्या टोकाला कायदा चुकवायला मुलींना नावेत बसवून नेत होती. हा भागही दालनात असलाच पाहिजे. इतिहास मांडायचा तर सोयीचा तेवढा मांडू नये.

१९५४ ची हकीकत मराठी माणसाला लगेच समजेल. गोव्याआधी दादरा-नगर हवेली मुक्त झाली, आणि त्यात महाराष्ट्रातल्या तरुणांनी भाग घेतला. सुधीर फडके त्यात होते. तो मुलूख नाशिक जिल्ह्याला लागूनच. दादरा २२ जुलै १९५४ ला घेतले. त्याच्या सुमारे साडेपाच आठवडे आधी, १३ जून १९५४ ला, यानम मुक्त झाले. पुढे होते दडाला राफेल रामनय्या. यानममधल्याच फरमपेटा वस्तीत १९०८ मध्ये जन्मलेले. पुदुच्चेरीत पोलीस अधिकारी झालेले आणि दुसऱ्या महायुद्धात मुक्त फ्रान्सच्या बाजूने लढलेले. फ्रान्स आपल्याला स्वातंत्र्य देईल ही आशा संपल्यावर ते फ्रेंच सत्तेविरुद्ध उभे राहिले, आणि स्वयंसेवक घेऊन स्वतःच्या गावात शिरले. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरीजवळच्या किळूरला फ्रेंच वसाहतींच्या लोकप्रतिनिधींनी मतदान केले. १७८ पैकी १७० जणांनी भारताच्या बाजूने मत दिले. १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार भारताकडे आला, आणि कायदेशीर हस्तांतरण १६ ऑगस्ट १९६२ ला पुरे झाले. सिल्वासाची गोष्ट आपल्या मुलांना सांगितली जाते, यानमची नाही. दोन्ही एकाच पावसाळ्यातल्या आहेत.

आजचे यानम कसे आहे, थोडक्यात सांगते. १८४६ चे सेंट ॲनचे चर्च नदीपासून फार दूर नाही. व्यंकटेशाचे देऊळ आहे, तिथला देव मिशीवाला आहे, ‘मीसाल वेंकन्ना’ म्हणतात. मंगळवारी मोठा बाजार भरतो. पावसाळ्यात पुलस येतो. समुद्रातला हिलसा मासा लाल पुराच्या पाण्यात उलटा चढतो, तेव्हा त्याला तिकडे पुलस म्हणतात. एकेका माशाला हजारो रुपये मोजतात. मंगळसूत्र विकावे पण पुलस खावा, अशी तिकडची म्हणच आहे. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी त्याची वाट अडते.

कोरंगीच्या अभयारण्यात ओहोटीच्या वेळी गेले होते. हे अभयारण्य १९७८ मध्ये जाहीर झाले, सुमारे २३५ चौरस किलोमीटरचे आहे, आणि देशातल्या मोठ्या खारफुटी जंगलांत त्याची गणना होते. लाकडी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चिखल होता. त्यातून तिवरांची श्वासमुळे बोटभर उंच, दाट उभी होती, आणि त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. खाली वाकून पाहिले तर चिखल राखी-काळा, अगदी मऊ, आणि त्यात एका औषधाच्या पाकिटाची चंदेरी पट्टी रुतलेली होती. मासे पकडणारी रानमांजरे आणि पाणमांजरे इथे आहेत. मला दिसली नाहीत, पण एका होडीवाल्याने त्यांचे ठसे दाखवले. ६ नोव्हेंबर १९९६ च्या चक्रीवादळात याच पट्ट्यात हजारभर माणसे गेली, कित्येक कोळी समुद्रावरून परतलेच नाहीत. तिवरांच्या आड असलेल्या वस्त्यांना लाटेचा मार कमी बसला, असे तो सांगत होता. त्याच्या घरातली माणसे त्या रात्री कुठे होती, हे त्याने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

आता मला ठाऊक असलेल्या दोन आक्षेपांकडे येते.

पहिला असा, की नाशिकचे पाणी यानमपर्यंत पोचतच नाही. हे खरे आहे आणि ते लपवू नये. आपल्या वरच्या खोऱ्यात पाऊस घाटमाथ्यापुरता. आपले पाणी गंगापूर, दारणा, नांदूरमध्यमेश्वर आणि जायकवाडीत अडते. मुखाशी जे प्रचंड पाणी येते ते मुख्यतः प्राणहिता, इंद्रावती आणि शबरीचे. ऑगस्ट १९८६ मध्ये धवळेश्वरमला ३५ लाख क्युसेकचा पूर गेला होता. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढले की आपण पुलावर गर्दी करतो. ते पाणी या आकड्यापुढे काहीच नाही. पण याच आक्षेपातून मोठी गोष्ट पुढे येते. पाणी अडते तिथे गाळही अडतो. नदीतून मुखाशी येणारा गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन होता. १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्याही खाली आला. त्या पाव शतकात त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याने एकूण १८ चौरस किलोमीटरहून अधिक जमीन समुद्राला गमावली. ज्या गाळाने कोरंगीचे बंदर बुजवले, त्याच गाळाच्या तुटीने आता तिथली वाळूची बेटे आणि शेते झिजत आहेत. धरणे नकोत असे मी म्हणत नाही. आमच्याही घरी नळाला गंगापूरचेच पाणी येते. पण आपण काय अडवतो आणि त्याची किंमत कोण देतो, हे गोदाघाटावर लिहिलेले असावे.

दुसरा आक्षेप, की ते आंध्रातले आणि पुदुच्चेरीतले, आपल्या सिंहस्थाशी त्यांचा काय संबंध? संबंध गुरूचा आहे. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ आणि त्यांच्याकडे गोदावरी पुष्करम, म्हणजे नदीस्नानाचा सोहळा. एकच ग्रह, एकच रास, एकच नदी. १४ जुलै २०१५ ला सकाळी रामकुंडावर ध्वजारोहण झाले. त्याच सकाळी राजमहेंद्रीला पुष्करमच्या पहिल्या स्नानाला चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक भाविक गेले. नाशिकला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकात आपल्याकडेही तीसहून जास्त माणसे गेली होती. २०२७ मध्ये दोन्ही टोकांना पुन्हा गर्दी होणार आहे. दोन्हीकडच्या व्यवस्थेने एकमेकांना काय शिकवायचे ते अधिकारी ठरवतील. पण २०१५ च्या त्या दिवशी नाशिकने राजमहेंद्रीच्या मृतांसाठी एक मिनिट थांबायला हवे होते, असे मला आजही वाटते.

आणखी एक साधी गोष्ट. त्र्यंबकला आणि रामकुंडावर बाराही महिने तेलुगू भाविक येतात. त्यांना आपल्या घाटावर तेलुगूत एकही ओळ वाचायला मिळत नाही. उगमापाशी आल्यावर आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत दिसले तर त्यांना काय वाटेल, हे मी सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. गोदाघाटावर नवे सिमेंटचे बांधकाम नको. काँक्रीट पुष्कळ झाले आहे आणि त्यावर न्यायालयापर्यंत भांडणे झाली आहेत. पूररेषेच्या वर एखादी जुनी ओवरी किंवा वाड्याचा तळमजला घ्या. त्यात नदीचा नकाशा त्र्यंबकपासून दरियालतिप्पापर्यंत एका भिंतीवर लांबीच्या प्रमाणात काढा, म्हणजे नाशिक किती लहान जागा व्यापते ते बघणाऱ्याला कळेल. मजकूर मराठी, तेलुगू आणि हिंदीत असावा. कोरंगीची वादळे, इंजरमचे विणकर, रेयुनियनचे मजूर, कल्याणपुरम्, १३ जून १९५४ आणि आजची झिजणारी बेटे यांना प्रत्येकी जागा द्या. आंध्रच्या आणि पुदुच्चेरीच्या पुरातत्त्व आणि पर्यटन खात्यांना पत्र लिहा. यानममधल्या फ्रेंच काळातल्या वास्तूंची छायाचित्रे आणि कागद त्यांच्याकडून मागा. दालनात गोडगोड गोष्टी सांगणारा आवाज नको, तिथल्याच एखाद्या कोळी बाईची मुलाखत तिच्या भाषेत ऐकू येऊ द्या, खाली मराठी मजकूर चालेल. मेळा संपल्यावर हे दालन मोडू नका, ते महापालिकेच्या शाळांच्या सहलींसाठी कायम उघडे ठेवा.

मजकुराचा पहिला मसुदा तयार करून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. माझ्यासोबत शहरातले आणखी काही निवृत्त शिक्षक तयार आहेत. तेलुगू तपासून देणारी माणसे नाशिकमध्येच आहेत. ध्वजारोहणाचा मुहूर्त ३१ ऑक्टोबर २०२६ चा ठरला आहे. त्याआधी जागा निश्चित झाली तर बाकीचे काम वेळेत होऊ शकेल. जागेबाबत काय ठरले, ते कृपया लेखी कळवावे.

आपली नम्र,
पंचवटीतील एक निवृत्त शिक्षिका